स्कॉटलंडचे खेळाडू कुठे गेले?

स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात ग्लेनबक नावाचं एक गाव होतं. कोळसा खणणाऱ्यांची वस्ती. खाणी बंद पडल्या, माणसं पोटामागे दुसरीकडे गेली, घरं ओस पडली आणि पुढे उघड्या खाणीच्या कामात गावाची जमीनही खणून निघाली. भरभराटीच्या काळातही लहानच असलेल्या या गावाने पन्नासच्या आसपास व्यावसायिक फुटबॉलपटू दिले. लिव्हरपूलला दुसऱ्या विभागातून उचलून इंग्लंडचं विजेतेपद मिळवून देणारे बिल शँक्ली इथलेच. ते आणि त्यांचे चार भाऊ, पाचही जण व्यावसायिक फुटबॉल खेळले. थोडं उत्तरेला लॅनार्कशरमध्ये बेलशिल लागतं. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी त्या भागातले, ह्यूई गॅलाकर तिथला, अॅलेक्स जेम्स शेजारच्या मॉसेंडचा. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे प्रशिक्षक जॉक स्टीनही याच परगण्यातले. ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरलेले. नकाशावर एका हाताच्या पंज्याखाली झाकता येईल एवढ्या भागातून विसाव्या शतकातल्या ब्रिटिश फुटबॉलचा केवढा तरी मोठा हिस्सा आला.

आज तसं होत नाही. का होत नाही, हा या पुस्तकाचा विषय आहे. पुस्तकाची प्रकरणं एकेका शहराची, क्लबची, माणसाची गोष्ट सांगतात. प्रस्तावनेत मला त्या सगळ्यांना जोडणारा धागा वाचकाच्या हाती द्यायचा आहे.

आधी घसरण किती, ते पाहू. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख, आपल्या एकट्या पुणे जिल्ह्याहून बरीच कमी. या देशाने १९६७ साली युरोपचा विजेता दिला. लिस्बनमध्ये २५ मे रोजी सेल्टिकने इंटर मिलानला २-१ असं हरवलं, तेव्हा मैदानावर उतरलेले अकराही जण सेल्टिकच्या स्टेडियमपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. त्यानंतरची दीड-दोन दशकं इंग्लंडमधल्या प्रत्येक मोठ्या संघाच्या मधोमध एखादा स्कॉटिश माणूस असायचाच. १९७८ ते १९८४ या काळात इंग्लिश क्लबांनी सहा वेळा युरोपियन कप जिंकला. लिव्हरपूलकडे केनी डॅलग्लिश, ग्रॅमी सूनेस आणि अॅलन हॅन्सन होते. नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे जॉन मॅकगव्हर्न, केनी बर्न्स आणि जॉन रॉबर्टसन. अॅस्टन व्हिलाकडे केन मॅकनॉट, अॅलन एव्हान्स आणि डेस ब्रेमनर. १९७८च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल डॅलग्लिशचा, १९८०चा रॉबर्टसनचा. घरच्या क्लबांनीही मागे राहायचं नाकारलं. १९८३ साली गोथेनबर्गला अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या अॅबरडीनने रेआल माद्रिदला हरवून कप विनर्स कप जिंकला, तर १९८७ साली डंडी युनायटेड यूएफा कपच्या अंतिम फेरीत पोचला.

आता पुढची चित्रं पाहा. १९९९ साली फर्ग्युसन यांच्याच मँचेस्टर युनायटेडने बार्सिलोनात युरोपचं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक ग्लासगोच्या गोव्हनमधले, पण त्यांच्या अकरा जणांत स्कॉटिश एकही नाही. राखीव खेळाडूंतही नाही. २००३ साली सेल्टिक सेव्हिलला यूएफा कपचा अंतिम सामना खेळला, तेव्हा सुरुवातीच्या अकरांत स्कॉटलंडचे दोघेच होते, गोलरक्षक रॅब डग्लस आणि पॉल लँबर्ट. १९९८च्या विश्वचषकानंतर राष्ट्रीय संघाला कुठल्याही मोठ्या स्पर्धेची पात्रता २०२०पर्यंत मिळवता आली नाही. त्याआधी १९७४ ते १९९८ या काळातल्या सात विश्वचषकांपैकी सहा स्कॉटलंड खेळला होता. हे नशिबाचे फेरे म्हणून सोडून देता येणार नाहीत.

पहिलं उत्तर तयारच असतं: देश लहान. हे उत्तर मला मान्य नाही. देश १९६७ सालीही एवढाच होता. क्रोएशियाची लोकसंख्या ४० लाखांच्या आत-बाहेर. तो २०१८च्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत खेळला. उरुग्वे त्याहूनही लहान, तरी तिथून एकामागून एक आघाडीवीर येत राहिले. आइसलंडमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास माणसं. त्यांनी बंदिस्त, उबदार मैदानं बांधली, गावोगावी शिकलेले प्रशिक्षक नेमले आणि २०१६च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला घरी पाठवलं. पावसाचं आणि थंडीचं कारणही त्यामुळे आपोआप बाद होतं.

मात्र एका अर्थाने स्कॉटलंड खरंच लहान झाला आहे, आणि त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. १९६४ साली तिथे एक लाखाहून जास्त बाळं जन्मली. २०२३ साली जेमतेम ४६ हजार. एकूण लोकसंख्या तेवढीच दिसते, कारण माणसं जास्त जगतात आणि बाहेरून येतात. पण दरवर्षी जन्मणाऱ्या, पुढे चेंडूमागे धावणाऱ्या मुलांची संख्या निम्म्याहून कमी झाली. डॅलग्लिश, सूनेस, हॅन्सन ही सगळी पन्नाशीच्या दशकातली बाळं. भरलेल्या घरांतली, भरलेल्या जिन्यांतली, भरलेल्या शाळांतली.

दुसरं उत्तर जास्त खोल आहे: घसरण स्कॉटलंडची कमी आणि चढण इतरांची जास्त. यात तथ्य आहे. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत झाला, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. गोल झाला नाही, पण तिथून पुढे एक फरक सगळ्यांच्या डोळ्यांत भरत गेला. इंग्लिश खेळाडू चेंडू घेऊन एकेकटे घुसायचे, स्कॉटिश खेळाडू एकमेकांना पास द्यायचे. आज फुटबॉल म्हणून आपण जे पाहतो ते या दुसऱ्या पद्धतीतून वाढलं. ही पद्धत स्कॉटिश माणसांनी जगभर नेली. ग्लासगोचे शिक्षक अलेक्झांडर वॉटसन हटन यांना अर्जेंटिनात तिथल्या फुटबॉलचे जनक मानतात. रेल्वेच्या नोकरीसाठी गेलेला जॉन हार्ली उरुग्वेच्या खेळाला लहान पासची शिस्त लावून गेला. सेल्टिकचा जुना खेळाडू जॉन मॅडन प्रागला स्लाव्हियाचा प्रशिक्षक झाला आणि पंचवीस वर्षं राहिला. आपल्याकडेही हे लोक लष्करासोबत आले. १८८८ साली सिमल्यात पहिला ड्युरँड कप जिंकला तो रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सनी. आणि १९३६ साली कोलकात्याचा मोहम्मद सलीम उलट दिशेने गेला. पायाला पट्ट्या बांधून, बुटांशिवाय, सेल्टिकच्या रंगात खेळला आणि ग्लासगोच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. तेव्हा, शिष्य गुरूच्या पुढे गेले यात नवल काय? नवल नाही. पण एवढ्याने भागत नाही. शिष्य वाढले म्हणून गुरूच्या घरातला दिवा मंद का व्हावा? १९७०च्या दशकात ब्राझील, नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी सगळेच जोरात होते आणि तरीही स्कॉटिश खेळाडू त्यांच्या तोडीचे होते. १९७८च्या विश्वचषकात मेंडोझा शहरात आर्ची गेमिलने डच बचावातून वाट काढत केलेला गोल ज्यांनी पाहिला, त्यांना हे पटवून द्यावं लागत नाही.

माझं म्हणणं असं आहे. उत्तम फुटबॉलपटू घडायला दोन गोष्टी लागतात. एक, बालपणात चेंडूसोबत घालवलेले असंख्य तास, ज्यांवर कुणाची देखरेख नाही. दुसरी, सतरा-अठराव्या वर्षी त्याला मोठ्यांच्या सामन्यात उतरवायचं धाडस असलेला एखादा प्रौढ माणूस. स्कॉटलंडने या दोन्ही गोष्टी साधारण एकाच दशकात, १९८५ ते १९९५च्या दरम्यान गमावल्या. एकच गेली असती तर देश कदाचित सावरला असता.

आधी तासांविषयी. ग्लासगोच्या जुन्या वस्त्या म्हणजे तीन-चार मजली दगडी चाळी, मागे सामाईक अंगण, पुढे रस्ता. गाड्या फार नव्हत्या. शाळा सुटली की दिवेलागणीपर्यंत, आणि उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत, कारण तिथे उजेड तेवढा रेंगाळतो, मुलं खेळत. एकेका बाजूला पंधरा, कधी वीस. लहान मुलांना मोठ्यांमध्ये खेळावं लागे, म्हणून बारक्या पोराला चेंडू पायाशी चिकटवून ठेवायची कला आपोआप येई. नाही तर त्याच्या वाट्याला चेंडूच येत नसे. सेल्टिकचा जिमी जॉन्स्टन हा असाच बारका. बचावपटूंना गरागरा फिरवणारा तो पोरगा कुठल्याही आखीव अभ्यासक्रमातून येऊ शकला असता असं मला वाटत नाही. रस्त्यावर नाही तर मुलं ‘ब्लेज’च्या मैदानावर खेळत. खाणीतून निघालेल्या शेलचा तांबडा चुरा पसरून ही मैदानं करत. पडलं की गुडघा सोलून निघायचा आणि जखमेत लाल खडी रुतून बसायची. त्या पिढीतल्या माणसांशी फुटबॉलवर बोलायला बसा, ती पहिल्यांदा पायावरचे वण दाखवतात.

साठ-सत्तरच्या दशकांत या चाळी पाडल्या गेल्या. पाडणं गरजेचं होतं. त्यांतल्या कित्येकींत एका संडासावर अनेक कुटुंबं होती, क्षयाने माणसं मरत होती. पण त्यांच्या जागी आले ते उंच मनोरे आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहती, आणि तिथल्या भिंतींवर पाटी लागली: चेंडू खेळण्यास मनाई. मग घरटी गाडी आली. मग घरटी टीव्ही, संगणक, फोन. हे सगळीकडेच झालं, त्यामुळे त्यावर मी रेंगाळत नाही. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जोडीला जे झालं ते वेगळं आहे.

तिथे शाळेचा फुटबॉल शिक्षकांच्या जिवावर चालायचा. शनिवारी सकाळी गणिताचा किंवा भूगोलाचा मास्तर, एक पैसाही जास्त न घेता, दोन संघ गोळा करून बसने दुसऱ्या शाळेत जायचा. कपडे धुणं, रेषा आखणं, पंचगिरी, हरलेल्या पोराची समजूत काढणं, सगळं त्याच्याकडे. देशभर शेकडो मैदानांवर दर शनिवारी हे चालायचं. १९८४ ते १९८६ या काळात पगारावरून शिक्षकांचा सरकारशी दीर्घ संघर्ष झाला आणि शिक्षकांनी शाळेच्या वेळेबाहेरची कामं बंद केली. त्यांची मागणी रास्त होती. वर्षानुवर्षं त्यांची सद्भावना गृहीत धरली गेली होती. तडजोड झाली, वर्ग सुरू झाले, पण शनिवारची सवय एकदा मोडली ती बहुतेक ठिकाणी पुन्हा जुळली नाही. ज्यांच्या घरी गाडी होती, आईबापांना वेळ होता, त्यांच्या मुलांसाठी खाजगी क्लब उभे राहिले. खाणकामगाराचा मुलगा मात्र बाहेर राहिला. आणि तो आता खाणकामगाराचाही मुलगा नव्हता. १९८४-८५चा खाणींचा संप हरल्यावर खाणी भराभर बंद झाल्या. मदरवेलजवळचा रेव्हन्सक्रेगचा पोलाद कारखाना १९९२ साली थांबला. खाणीचा संघ, कारखान्याचा संघ, गोदीचा संघ, या सगळ्या स्थानिक संघांच्या पायाखालची जमीनच गेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गरिबी असली की फुटबॉल चांगला होतो, असं बोलणारे लोक पुष्कळ भेटतात, आणि हे बोलणारे बहुधा स्वतः कधी गरीब नसतात. रेव्हन्सक्रेगनंतर मदरवेलमध्ये गरिबी कमी झाली नाही, वाढली. फुटबॉल मात्र वाढला नाही. जे खेळाडू घडवत होतं ते दारिद्र्य नव्हतं. ती दाट वस्ती होती, एकमेकांना ओळखणारी माणसं होती, मुलांसाठी शनिवार देणारी मोठी माणसं होती. फर्ग्युसन अवजारांच्या कारखान्यात शिकाऊ कामगार होते, तिथे कामगारांचे प्रतिनिधीही होते. कारखान्याने त्यांना दिलं ते हे शहाणपण, माणसं एकत्र ठेवायचं. म्हणूनच खेळाडू आटल्यावरही स्कॉटिश प्रशिक्षक बराच काळ येत राहिले. २०११ साली इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या वीसपैकी सात संघांचे प्रशिक्षक स्कॉटिश होते. ते सगळे जुन्या जगात वाढलेले. झरा आटला तरी खालच्या डोहात काही काळ पाणी दिसतं, तसं ते होतं.

आता दुसरी गोष्ट, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला संधी देण्याची. इथे मला १९८९ सालची एक स्पर्धा फार महत्त्वाची वाटते. सोळा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक त्या वर्षी स्कॉटलंडमध्येच झाला. यजमान मुलांनी उपांत्य फेरीत पोर्तुगालला १-० असं हरवलं. ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर पन्नास हजारांहून जास्त लोक पोरांचा अंतिम सामना पाहायला आले आणि सौदी अरेबियाकडून स्कॉटलंड पेनल्टी शूटआऊटवर हरला. म्हणजे त्या वयात ही मुलं जगात दुसरी होती. हरलेल्या पोर्तुगीज संघात लुईस फिगो नावाचा मुलगा होता. अकरा वर्षांनी तो युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या उपांत्य सामन्यात जिंकलेल्या स्कॉटिश मुलांपैकी पॉल डिकॉव्ह, ब्रायन ओनील अशा काहींनी चांगली कारकीर्द केली, पण फिगोच्या आसपासही कुणी गेलं नाही. सोळाव्या वर्षापर्यंत जे घडायचं ते घडलं होतं; बिघाड त्यानंतर झाला.

कसा झाला? १९७५ साली स्कॉटलंडने आपली वरची लीग अठरा संघांवरून दहावर आणली. चुरस वाढावी हा हेतू होता आणि ती वाढलीही. पण दहांतले दोन खाली जाणार, दर संघाशी वर्षात चारदा गाठ, अशा लीगमध्ये निर्धास्त सामना उरत नाही, आणि निर्धास्त सामना नसेल तर नवख्या पोराला कुठे उतरवायचं? १९८६ साली सूनेस ग्लासगोच्याच रेंजर्सचा प्रशिक्षक-खेळाडू होऊन आला. हेसेल स्टेडियममधल्या दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांना युरोपात बंदी होती. रेंजर्सकडे पैसा होता. टेरी बुचर, ख्रिस वूड्स असे इंग्लंडचे चालू खेळाडू ग्लासगोत आले. स्टेडियम भरू लागलं, विजेतेपदं आली आणि तयार खेळाडू विकत घ्यायची चटक लागली. सेल्टिकला मागे राहून चालणार नव्हतं. १९९५च्या बॉसमन निकालानंतर करार संपलेला परदेशी खेळाडू हस्तांतर-शुल्काशिवाय मिळू लागला. मग स्वतःच्या पोरावर पाच वर्षं कोण घालवणार?

इंग्लंडकडची शिडीही त्याच सुमारास निघाली. ऑगस्ट १९९२मध्ये प्रीमियर लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा बावीस संघांच्या सुरुवातीच्या अकरांत ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे खेळाडू फक्त तेरा होते. डिसेंबर १९९९मध्ये चेल्सीने साउदॅम्प्टनविरुद्ध अकराही परदेशी खेळाडू उतरवले. पूर्वी इंग्लिश क्लबला हुशार पाय हवे असले की त्याचा माणूस ग्लासगोची गाडी पकडायचा. आता तो पॅरिसचं किंवा ब्युनोस आयर्सचं विमान पकडू लागला.

आणि जी जागा उरली, ती चुकीच्या मुलांना मिळाली. चिखलातल्या मैदानावर येत्या शनिवारी जिंकायचं तर उंच, दांडगा मुलगा बरा, असा हिशेब प्रशिक्षकांनी केला. अँडी रॉबर्टसनला सेल्टिकने किशोरवयात सोडून दिलं, लहानखुरा म्हणून. तो चौथ्या श्रेणीतल्या, तेव्हा पूर्णपणे हौशी असलेल्या क्वीन्स पार्ककडून खेळला. तिथून डंडी युनायटेड, हल आणि लिव्हरपूल; २०१९ साली त्याने युरोपचं विजेतेपद मिळवलं. ही कहाणी जिद्दीची म्हणून सांगतात. मला ती वाचताना दरवेळी वाटतं, ज्यांना क्वीन्स पार्क सापडलं नाही ते किती असतील?

रॉबर्टसनला वाट मिळाली त्यामागे आणखी एक कारण आहे. २००९ साली स्कॉटिश लीगचे सामने दाखवणारी सेटांटा वाहिनी ब्रिटनमध्ये बुडाली, २०१२ साली रेंजर्सची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि क्लबला चौथ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. पैसे आटले. परदेशी खेळाडू परवडेनात, म्हणून संघांना आपली पोरं उतरवावी लागली. जे धोरणाने पंधरा वर्षांत साधलं नव्हतं ते तंगीने साधलं. धोरणही बदलत होतं. माजी फर्स्ट मिनिस्टर (स्कॉटिश सरकारचे प्रमुख) आणि स्वतः जुने फुटबॉलपटू असलेले हेन्री मॅकलीश यांनी २०१०मध्ये खेळाच्या दुरवस्थेवर परखड अहवाल दिला, २०१२पासून फुटबॉलचं खास शिक्षण देणाऱ्या शाळा निवडल्या गेल्या. राष्ट्रीय संघातला बिली गिल्मर किल्मार्नॉकच्या अशाच शाळेतून आला. शिक्षकाने शनिवारी फुकट केलेलं काम आता पगारी माणूस शाळेच्या वेळात करतो. हे चांगलंच आहे. फक्त ते काही निवडक मुलांपुरतं आहे, आणि पूर्वीचं काम सगळ्यांसाठी होतं.

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी हॅम्पडनवर स्कॉटलंडने डेन्मार्कला ४-२ असं हरवलं आणि अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषकाची पात्रता मिळवली. स्कॉट मॅकटॉमिनेने हवेत उलटं होऊन मारलेला गोल आणि केनी मॅकलीनने अर्ध्या मैदानातून केलेला गोल पुढची कित्येक वर्षं दाखवले जातील. त्या रात्रीच्या आनंदात मी पूर्णपणे सामील आहे. पण त्या संघाची यादी शांतपणे वाचली तर या पुस्तकातले प्रश्न तिथेही उभे राहतात. गोलरक्षक क्रेग गॉर्डन ४२ वर्षांचा. रॉबर्टसन, जॉन मॅकगिन, मॅकलीन तिशी ओलांडलेले. मॅकटॉमिने, नापोलीला इटलीचं विजेतेपद मिळवून देणारा, इंग्लंडमधल्या लँकेस्टरमध्ये जन्मला आणि मँचेस्टर युनायटेडच्या अकादमीत वाढला. अकरांतला सगळ्यात तरुण, वीस वर्षांचा बेन गॅनन-डोक, सोळाव्या वर्षीच सेल्टिक सोडून लिव्हरपूलला गेला होता. ब्रेक्झिटनंतर इंग्लिश क्लबांना युरोपातून अठरा वर्षांखालची मुलं आणता येत नाहीत, म्हणून त्यांची नजर पुन्हा स्कॉटलंडकडे वळली आहे. शिडी परत लागली, पण ती आता इतक्या लवकर उचलते की मुलगा घरच्या लीगमध्ये मोठ्यांचे जेमतेम दोन-चार सामने खेळलेला असतो. डॅलग्लिश लिव्हरपूलला गेला तेव्हा २६ वर्षांचा होता; सेल्टिकसाठी तो तोवर तीनशेहून जास्त सामने खेळला होता. सोळाव्या वर्षी गेलेल्या मुलांचं पुढे काय होतं, किती जण परततात आणि परतल्यावर कुठल्या श्रेणीत खेळतात, हे शेवटच्या तीन प्रकरणांत आहे. ज्याला घाई आहे त्याने तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.